सांगाड्यातली सारजाआत्या

ऐका. पन हात चालू ठेवा, शेंगा फुटल्या पायजेत, न्हाईतर गोष्ट बंद. पेरनीला बी काय मी देऊ तुमाला? शालन, तो कंदील जरा हिकडं सरकव. मला तुमची तोंडं दिसली पायजेत, म्हंजे कोन डुलक्या काढतंय ते कळतं. आन् पोपट, तू कंपनीत मशीन चालवतोस म्हनून मधी मधी शान्या शंका काढायच्या न्हाईत. शंका आली तर गिळून टाक, उद्या उजेडात काढ.

तर फाट्यावरचा सांगाडा तुमाला म्हाईत हाय. कालव्याच्या पलीकडं ती अर्धी ऱ्हायलेली इमारत. नुसते खांब आन् स्लॅब. कुठं भिताड हाय, कुठं न्हाई. दारांच्या जागी भोकं, खिडक्यांच्या जागी भोकं, आन् डोक्यावर सळया निघालेल्या. काम चालू व्हतं तवा रस्त्याला मोठी पाटी लावली व्हती. तिच्यावर झाडं, कारंजी, गोरी गोरी मानसं चितारलेली. पाटी वाऱ्यानं उडाली, आन् ती मानसं तर कधी आलीच न्हाईत. मंग गावानं तिला सांगाडा म्हनायला सुरवात केली.

त्या सांगाड्याकडं, दिवेलागन होऊन गेल्यावर, एक बाईमानूस निघालं. एकटं. कोन निघालं? आमची वच्छाक्का. माझ्या चुलतभावाची बायको, म्हंजे माझी वयनी. भाऊ लवकर गेला. पोरबाळ न्हाई. घरात ती आन् तिची म्हस, रतन. रतनची आई रतनला जन्म देतानाच मेली व्हती. वच्छाक्कानं त्या पिल्लाला बाटलीनं पाजलं, थंडीत सोप्यात कुशीला घेऊन निजली. ती काय म्हस न्हवती बाबांनो, लेक व्हती. भांडायचीबी तिच्याशी लेकीगत. "जेवली न्हाईस तर बोलू नको माझ्याशी," असं म्हशीला म्हननारी बाई मी तेवढी एकच बघितली.

आन् ती रतन गाभन. पैलारू. दिवस भरलेले. त्या दिवशी चरायला गेली ती परत आलीच न्हाई. वच्छाक्कानं मळे पालथे घातले, ओढा बघितला, हाका मारून घसा बसला. शेवटी एक मेंढरंवाला म्हनला, "अक्का, तुझी म्हस कालवा उतरून सांगाड्याकडं जाताना दिसली मला."

आम्ही म्हनलं, सकाळी जाऊ समदे मिळून. तर म्हनली, "मी थांबंन रं, पन कळा थांबत्यात व्हय? तिच्या आईसारखं झालं तर?" बस. मंग तिला कोन अडवनार? दावं घेतलं, बॅटरी घेतली, चरवी घेतली, व्यालेल्या म्हशीला द्यायला पदरात गूळ बांधला, आन् निघाली. मी कंदील शोधत बसलो तवर ती कालव्यावर पोचलीसुदिक.

आता तुमी म्हनाल, सांगाड्याला भ्यायचं कशापायी? सांगतो. ती जमीन सारजाआत्याची. सारजाआत्या म्हंजे आपल्या आळीतलीच. नवऱ्यानं टाकलेली, कोवळ्या वयात म्हायेरी परत आलेली. सारा जन्म भावाच्या घरात मागच्या खोपीत काढला. दुसऱ्याच्या चुलीवर रांधायचं, दुसऱ्याच्या चुलीला पोतेरं घालायचं, समद्यांची जेवनं झाली की उरलेलं खायचं. तोंडातनं कधी वाकडा शबूद न्हाई. बापानं जाताना तिच्या नावावर तो तुकडा केला व्हता. इमारतवाला आला आन् म्हनला, जमीन द्या आत्या, दुसऱ्या मजल्यावरचं घर तुमचं. स्वैपाकघर उगवतीला.

स्वैपाकघर. म्हातारी तेवढ्या एका शबदावर पाघळली.

मंग रोज जायची बघायला. गवंड्याच्या डोक्यावर बसून समद्यात आदी आपल्या स्वैपाकघराचा वटा बांधून घेतला. भिंतीला दारं न्हाईत, पन वटा तयार. विटकरीच्या तुकड्यानं भिंतीवर रेघा वडायची: हितं डबं, हितं तांब्या, हितं परात. गावात समद्यांस्नी सांगून ठिवलं व्हतं, "माझ्या घरात दूध उतू घालायचं हाय, तवा येयाचं बरं का." नव्या घरात पैलं दूध उतू गेलं म्हंजे ते घर आपलं झालं, ही आपली रीत. पन इमारतवाला काम टाकून गेला तो गेलाच. आन् सारजाआत्या तापानं भावाच्या खोपीतच गेली. दूध उतू जायचं ऱ्हाऊनच गेलं.

तवापासून दुसऱ्या मजल्यावर रातचा उजेड दिसायचा. वरनं भांडी लावल्याचा आवाज यायचा. लोक ती वाट सोडून लांबनं जायचे.

ऐकताय न्हवं? पोपट, शेंगा फोड, माझ्याकडं काय बघतोस?

तर वच्छाक्का सांगाड्यापाशी आली. काळोख मिट्ट. गुडघाभर गवत. तिनं हाक मारली, "रतने." आन् वरनं घंटा वाजली. म्हशीच्या गळ्यातली. टुन्नक टुन्नक. वच्छाक्का म्हनली, ही बया वर कशी चढली? पन घंटा रतनचीच. जिन्याला कठडा न्हाई. भिंतीला हात लावून चढली. पैल्या मजल्यावर आली. कायबी न्हाई. वटवाघळं आन् धूळ. घंटा आनखी वर वाजली. दुसरा मजला. तितंबी म्हस न्हाई. मंग घंटा खाली वाजली. वच्छाक्का म्हनली, माझं कान फिरलं जनू. खाली उतरली. उतरली तर समोर काय? विटकरीच्या रेघा. डबं, तांब्या, परात. म्हंजे दुसराच मजला. पुन्यांदा उतरली. पुन्यांदा त्याच रेघा. जिना उतरतुया, पाय उतरत्यात, पन बाई हाय तितंच. चकवा. चकवा लागला व्हता.

बॅटरी पिवळी पडली. आन् आतनं आवाज आला. "वच्छे, आलीस व्हय? ये, आत ये."

वटा पदरानं पुसत एक बाई उभी. पाठमोरी. हिरवं लुगडं. वच्छाक्काची नजर खाली गेली. लुगड्याचा काठ जमिनीपासनं वीतभर वर, आन् त्याच्याखाली कायबी न्हाई. पाय न्हाईत.

तुमी आसता तर बोंबलत सुटला आसता. पन वच्छाक्काला आवाज वळखीचा. आन् वळखीचं मानूस या म्हनतंय तर पाठ कशी फिरवायची? आपल्या बायांचा सोभाव बघा. भूत असलं तरी रीत सोडायची न्हाई. म्हनली, "आत्या, बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय की. घर बगितलंस? चल दाखवते."

आन् ही निघाली घर बघायला. काय करनार? आत्या पुढं, वच्छाक्का मागं. "ही बैठकीची खोली. पाव्हनं आलं की हितं बसायचं." बसायला स्लॅबचा राडारोडा. "ही देवाची जागा. आन् ही न्हानी, बघ, कशी ऐसपैस." वच्छाक्का उंबऱ्याशी गेली, पायानं एक खडा आत ढकलला गेला. खडा पडतुया, पडतुया, आवाजच न्हाई. मंग लांब खाली टप्प. ती न्हानी न्हवती रं. लिफ्टचा खड्डा व्हता. वच्छाक्का मागं सरली.

"आन् आता गॅलरी बघ," आत्या म्हनली. "हितनं तुझ्या घराचं कौल दिसतंय. ये, अशी पुढं ये." आवाज आसा मायेचा की हिचं पाऊल आपसूक पुढं पडलं. आन् पावलाखाली जमीन न्हाई. नुसतं वारं. हात मारला तो एका सळईला लागला. एक पाय आत, एक पाय अधांतरी, खाली काळोख.

आत्या म्हनते कशी, "आगं बया, गॅलरी व्हायची ऱ्हायली न्हाई का. माझ्या ध्यानातच ऱ्हात न्हाई."

वच्छाक्का कशीबशी आत आली. म्हनली, "घर झ्याक हाय आत्या. आता मी निघते. माझी रतन सापडंना."

तर आत्या म्हनली, "अशी कशी जाशील? पैला पाव्हना तू माझ्या घरचा. दूध उतू घालू, मंग जा." वच्छाक्का जिन्याकडं वळली. जिना न्हाई. जिन्याच्या जागी भिताड. गिलावा केलेलं, गुळगुळीत भिताड. समद्या इमारतीत तेवढीच एक भिंत पुरी झालेली.

आन् त्याच घटकेला खालनं रतन वरडली. खरी रतन. कळा देनाऱ्या जनावराचं वरडनं घंटेसारखं नसतं. ती म्हनली, "आत्या, ती पैलारू हाय. तिची आई अशीच गेली. मला जाऊ दे, तुझ्या पाया पडते."

आत्या थांबली. जरा वरमली. म्हनली, "खाली पार्किंगात हाय. मीच बोलावून आनली. दूध पायजे व्हतं न्हवं." आन् भिताडात जिना झाला.

वच्छाक्का धावली. खांबाच्या आडोशाला रतन आडवी. डोळं पांढरं. पिल्लाचे पाय दिसत्यात, पन पुढं सरकंना. वच्छाक्कानं पदर खवला, पायांना धरलं आन् कळंसंगं वडायला लागली. एकटी बाई, जोर पुरंना. मंग तिला जानवलं, आपल्या हातांवर आनखी दोन हात. गार, बर्फागत. कानाशी आवाज, "थांब, कळ येऊ दे. आता वड." भावाच्या गोठ्यात आत्यानं किती जनावरं सोडवली असतील, देव जाने. दोघींनी मिळून वडलं. आन् पिल्लू भायेर आलं. रेडी व्हती. शिंकली, कान हलवला. रतननं मान वळवून तिला चाटलं.

वच्छाक्का मटकन खाली बसली आन् रडली. शेजारी कोन बसलंय याचं तिला भ्यावच ऱ्हायलं न्हवतं. रतनला गूळ चारला, रेडीला थानाला लावलं. आन् आत्या म्हनली, "आता दूध काढ."

पळायचं म्हनलं तर पळनार कशी? रेडीला अजून उभं ऱ्हाता येईना, आन् त्या दोघींना टाकून वच्छाक्का जायची न्हाई. तिनं चरवीत धार काढली. वर गेल्या. वट्यावर तीन विटा मांडल्या, सेंटरिंगच्या फळ्यांच्या ढलप्या घातल्या. आत्यानं जितंपनी कोनाड्यात काडीपेटी प्लास्टिकात गुंडाळून ठिवलेली, ती निघाली. जाळ झाला. आत्या वट्याफुडं बसली, हनुवटीला हात लावून, नव्या नवरीगत. म्हनली, "उतू गेलं की तू जा. मी तुला अडवायची न्हाई."

दोघी चरवीकडं बघत्यात. दूध तापलं. फेस आला न्हाई. वर चढलं न्हाई. घट्ट झालं. मंग त्याच्या गुठळ्या झाल्या, आन् थिजून बसलं.

आत्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. "नासलं. माझ्या घरातलं पैलं दूध नासलं." आसं म्हनली आन् समद्या सळया एकदम खनखनायला लागल्या. वरनं वाळू गळाया लागली. स्लॅबमधनं कन्हल्यासारखा आवाज. वारं भिताडांच्या भोकातनं आत घुसलं आन् जाळ वच्छाक्काच्या लुगड्याकडं धावला. आत्या उठली ती उठतच गेली, पार छतापतुर. "तू नजर लावलीस. माझं घर तुमाला कुनालाच बघवंना."

वच्छाक्का चरवीकडं बघत व्हती. आन् तिच्या डोक्यात उजेड पडला. जन्म दुधात गेलेल्या दोन बाया, आन् दोघींच्याबी ध्यानात आलं न्हवतं. एकीला भ्यानं, एकीला हौसंनं. ती वरडली, "आत्या, नासलं न्हाई. चीक हाय हा. आताच्या आता व्यालेल्या म्हशीचा चीक. चीक कधी उतू जातो का?"

सळया थांबल्या. आत्या हळूहळू खाली आली, चरवीत वाकून बघितलं, आन् स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "माझं मेलीचं डोस्कं."

हसू नका. मरून आवडीच्या गोष्टीसाठी इतकी वरसं थांबलेलं मानूस हाय ते, इसरनारच.

वच्छाक्कानं पदरातला उरलेला गूळ त्यात कुस्करला. झाला खरवस. ती म्हनली, "बस आत्या. मी वाढते." पसाभर खरवस विटंवर ठेवून आत्याफुडं सरकवला. आत्या त्याच्याकडं नुसती बघत ऱ्हायली. बोलली तवा आवाज बारीक झालेला. "मला बसवून कुनी वाढलंच न्हवतं वच्छे. कधीच." तिनं खाल्लं का न्हाई, वच्छाक्काला दिसलं न्हाई. पन वीट मोकळी झाली.

आता संपलं म्हनता? न्हाई. आत्या तोंड पुसून म्हनली, "चीक सरला की चांगलं दूध येईल. तवर तुमी हितंच ऱ्हावा. तू, रतन आन् रेडी. घर कसं भरलेलं वाटंल." आन् जिन्याच्या जागी परत भिताड.

वच्छाक्काला कळलं, हितं जोर चालायचा न्हाई आन् रडून भागायचं न्हाई. तिला एकदम लई कीव आली आत्याची. ती उठली, त्या गार मानसाच्या समोर जाऊन उभी ऱ्हायली. म्हनली, "आत्या, तू सारा जन्म दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या मर्जीनं ऱ्हायलीस. कुनी ऱ्हा म्हनलं की ऱ्हायचं, गप म्हनलं की गप. तसं मला ठेवू नको. तुझ्या घरी मी माझ्या पायानं येईन. तुला राग आला तर येऊ दे, पन डांबून ठिवलेला पाव्हना पाव्हना नसतो."

खाली रेडी बारीक वरडली. मंग आत्या म्हनली, "जा. पोरीला गार लागंल."

वळून बघितलं तर जिना मोकळा. वच्छाक्का उतरली, या खेपंला खरंच उतरली. रेडीला अर्धं उचलत, अर्धं ढकलत, मागं रतन, अशी कालव्यापतुर आली, तवा मी कंदील घेऊन पोचतोय. मला म्हनली, "दीरबुवा, लौकर आलात." तो टोमना अजून ऐकतोय मी.

चीक सरला. दूध पांढरंशुभ्र उतरायला लागलं. मंग एक दिवस सकाळच्या उन्हात वच्छाक्का निघाली, आन् मागं आळीतल्या समद्या बाया. आत्याची भावजयबी आली. म्हातारी, काठी टेकत. आम्ही बाप्यामानसं खाली उभी ऱ्हायलो. बायांनी वट्याला हळद-कुक्कू लावलं, विटा मांडल्या, दूध ठिवलं. फसफसून वर आलं, काठावर आलं, आन् गेलं उतू. वट्यावरनं वघळ खाली जमिनीपतुर.

आत्याच्या भावजयीला जन्माची सवय. ती पदर घेऊन लगोलग पुसायला वाकली. तर आतल्या रिकाम्या खोलीतनं आवाज आला. समद्या बायांनी ऐकला, खाली आम्हीबी ऐकला. "असू दे वयनी. पुसू नको. माझ्या वट्यावर सांडलंय."

भावजय तितंच खाली बसली आन् वट्यावर डोकं ठेवून रडली. कुनी तिला उठवलं न्हाई.

लोकांना वाटलं, इच्छा पुरी झाली, आता आत्या सुटली, गेली. छ्या. जाईल कशाला? आता तर कुठं ते घर तिचं झालं. ती हाय तितंच. म्हनून सांगतो, पोपट, तूबी ऐक, रात पडल्यावर फाट्यावरनं सांगाड्याची वाट धरायची न्हाई. जिना चढायचा न्हाई, बॅटरी मारायची न्हाई, खालनं हाळी द्यायची न्हाई. भ्यायचं म्हनून न्हवं. आत एक बाई जन्मात पैल्यांदा स्वतःच्या घरात निजलीया. तिला उठवायचं न्हाई.